हिवाळ्यातला रूट ६६: अल्बुकर्कीहून सांता मोनिकापर्यंत गाडीने कसं जावं

नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग जवळ आलं की अमेरिकेत नव्याने आलेल्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. कुणाला नुकतीच पहिली नोकरी लागलेली असते, कुणाकडे पुण्याहून आई-बाबा आलेले असतात. ख्रिसमसची सुट्टी हाताशी असते आणि गाडी काढून 'रूट ६६' करायचा बेत असतो. प्रश्न एकच: थंडीत जमेल का? जमतं. गर्दी नसते, वाळवंटात दुपारीही फिरता येतं, हवा इतकी स्वच्छ असते की लांबचे डोंगर हाताच्या अंतरावर वाटतात. पण हिवाळ्यात या प्रवासाचा हिशेब मैलांवर करून चालत नाही. तो रस्त्याची उंची आणि दिवसाचा उजेड या दोन गोष्टींवर करावा लागतो. पुढचा सगळा लेख त्या हिशेबासाठी आहे.

थोडी ओळख आधी. शिकागो ते सांता मोनिका अशा आठ राज्यांतून जाणाऱ्या या महामार्गाला ११ नोव्हेंबर १९२६ रोजी ६६ हा क्रमांक मिळाला. लांबी सुमारे २,४४८ मैल, म्हणजे ३,९०० किलोमीटरहून जास्त. पूर्ण डांबरीकरण व्हायला १९३८ उजाडलं. पुढे इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांतून जाणारे रुंद द्रुतगती महामार्ग आले, गावं एकेक करून बाजूला पडली आणि जून १९८५ मध्ये हा क्रमांक अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला. त्यामुळे आज 'रूट ६६' नावाचा सलग रस्ता नाही. तुकडे आहेत. कुठे तो गावातला मुख्य रस्ता असतो, कुठे आय-४० या इंटरस्टेटला चिकटून जाणारी बारीक सडक, तर कुठे माळावरून जाणारा मोकळा दोनपदरी रस्ता.

पहिली पायरी: तुकडा निवडा

डिसेंबर-जानेवारीत शिकागोहून निघू नका. इलिनॉय आणि मिसूरीत बर्फ असतोच, पण खरी भीती ओक्लाहोमा आणि टेक्ससच्या पॅनहँडल भागातल्या गोठणाऱ्या पावसाची. पाऊस पाण्यासारखा पडतो आणि रस्त्याला लागला की काच होतो. त्यावर कुठलाच टायर धरत नाही. शिवाय सगळा रस्ता नीट बघायचा तर दोन-तीन आठवडे हवेत, आणि सुट्टीत तेवढे कुणाकडे नसतात.

नवख्यांनी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला विमानाने उतरावं, तिथे गाडी भाड्याने घ्यावी आणि पश्चिमेला निघून लॉस एंजेलिसला सोडावी. आय-४० ने सरळ गेलात तर हे अंतर सुमारे ८०० मैल भरतं. जुन्या रस्त्याची वळणं आणि ग्रँड कॅन्यन धरलं तर त्याहून बरंच जास्त. एका दमात पळवलं तर दोन दिवसांत संपेल, पण मग बघायचं काय? सात दिवस ठेवा आणि आठवा मोकळा राखा. हा मोकळा दिवस चैन म्हणून नाही. फ्लॅगस्टाफजवळ वादळ आलं तर आय-४० काही तास, कधी त्याहूनही जास्त वेळ बंद होतो. त्या वेळी हातात दिवस नसेल तर परतीचं विमान गाठायच्या नादात माणूस नको तेव्हा गाडी काढतो. इथले हिवाळी अपघात मला वाटतं बर्फापेक्षा या घाईने जास्त होतात.

दुसरी पायरी: वाटेची उंची वहीत उतरवा

ही पायरी कुणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. अ‍ॅरिझोनातल्या हवामानाच्या अंदाजात 'स्नो लेव्हल' असा एक आकडा येतो. त्या उंचीच्या वर बर्फ आणि खाली पाऊस, असा त्याचा अर्थ. आकडा फुटांत असतो, म्हणून उंचीही फुटांत लिहून ठेवा.

अल्बुकर्की साधारण ५,३०० फूट. तिथून ग्रँट्स आणि गॅलप, दोन्ही साडेसहा हजारांच्या आसपास. मध्ये कॉन्टिनेंटल डिव्हाइडला, म्हणजे खंडाच्या जलविभाजक रेषेवर, रस्ता सात हजारांच्या वर जातो. मग अ‍ॅरिझोनात उतार: होलब्रुक ५,१००, विन्स्लो ४,८५०. लगेच चढ: फ्लॅगस्टाफ ६,९००, त्याच्या पश्चिमेला ७,३०० ची खिंड, विल्यम्स ६,७६०. मग अ‍ॅश फोर्क आणि सेलिगमन सव्वापाच हजारांच्या आतबाहेर, किंगमन ३,३००, आणि कॅलिफोर्नियाच्या हद्दीवरचं नीडल्स जेमतेम पाचशे फूट. शेवटी लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात उतरण्याआधी कॅहोन खिंडीत पुन्हा चार हजारांच्या आसपास चढायचं.

आता समजा अंदाज म्हणतो, स्नो लेव्हल ५,५०० फूट. वही उघडा. होलब्रुक, विन्स्लो, सेलिगमनला पाऊस लागेल. ग्रँट्स, गॅलप, फ्लॅगस्टाफ, विल्यम्सला बर्फ. म्हणजे आजची रात्र विन्स्लोला काढायची आणि फ्लॅगस्टाफचा चढ उद्या दुपारी चढायचा. एवढा निर्णय तुम्ही चहा पिता पिता घेऊ शकता. फ्लॅगस्टाफला डिसेंबरमध्ये रात्रीचं तापमान सरासरी उणे आठ-नऊ सेल्सिअस असतं आणि त्याच आठवड्यात नीडल्सला दुपारी अठरा. एका दिवसाच्या वाटेवर एवढा फरक आहे. म्हणून 'अ‍ॅरिझोनात थंडी असते का?' या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणता येत नाही.

अंदाज नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर बघा, फोनमधल्या सूर्य-ढगाच्या चित्रावर विसंबू नका. 'विंटर स्टॉर्म वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे, बेत लवचीक ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे ते आलंच आहे किंवा येऊ घातलंय, गाडी काढू नका. रस्ता चालू आहे का ते अ‍ॅरिझोनात ५११ वर फोन करून किंवा एझेड५११ वर कळतं, न्यू मेक्सिकोत एनएमरोड्सवर.

तिसरी पायरी: उजेड मोजा

नाताळाच्या सुमारास फ्लॅगस्टाफला सूर्य साडेसातला उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. हाताशी उजेड पावणेदहा तासांचा. त्यातही सकाळी नऊच्या आत सावलीतल्या वळणांवरचा बर्फ वितळलेला नसतो, आणि चार वाजल्यानंतर दिवसभर वितळलेलं पाणी परत गोठू लागतं. संध्याकाळच्या वेळी फ्लॅगस्टाफ आणि विल्यम्सच्या जंगलात एल्क, म्हणजे सांबरासारखी मोठी हरणं, रस्त्यावर येतात. मोठा नर तीन-चारशे किलोचा असतो. गाडी चालवायचा खरा वेळ त्यामुळे नऊ ते चार एवढाच धरा.

आपण पश्चिमेला जातोय, म्हणजे दुपारी तीननंतर सूर्य थेट समोरच्या काचेत. हिवाळ्यात तो इतका खाली असतो की सन व्हायझर पुरत नाही. चांगला गॉगल घ्या आणि काच आतूनही पुसून ठेवा. आतल्या बाजूचा धुरकट थर उन्हात एकदम पांढरा पडतो आणि समोरचं काही दिसत नाही.

घड्याळाचंही सांगतो. हिवाळ्यात न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनाची वेळ एकच असते. कॅलिफोर्नियात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. हा तास फुकट मिळाल्यासारखा वाटतो, पण नीडल्सला मग सूर्यही साडेचारच्या पुढेमागे मावळतो.

चौथी पायरी: कागदपत्रं आणि गाडी

भारतातून फिरायला आलेल्यांनी मूळ भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आणावं. ते आपल्या आरटीओतून मिळतं आणि एक वर्ष चालतं. ते नुसतं दाखवून भागत नाही, मूळ लायसन्स बरोबर लागतंच. जे इथे राहायलाच आले आहेत त्यांनी आपल्या राज्याचं लायसन्स काढावं. गाडी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या पंचविशीच्या आतल्या चालकाकडून जादा पैसे घेतात, आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचाही आकार असतो. तो बुकिंग करतानाच बघा. आई-बाबांपैकी कुणी चालवणार असेल तर त्यांचं नाव करारावर घाला. नाव नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो.

चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी मिळाली तर उत्तम, पण ती चढ चढायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतो तो टायर. म्हणून गाडी ताब्यात घेताना खाली वाका आणि टायरची नक्षी बघा. गुळगुळीत झालेली असेल तर तिथल्या तिथे दुसरी गाडी मागा. संकोच करू नका. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी नसून गोठण्याला टिकणारं निळं द्रव आहे ना, ते विचारा. साखळ्या लावायला बऱ्याच करारांत मनाई असते, तेही वाचा. थंडीत टायरमधली हवा दर दहा फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय उतरते, म्हणून फ्लॅगस्टाफच्या पहिल्या सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. पंपावर जाऊन हवा भरा.

मागच्या सीटवर लहान मूल असेल तर चाइल्ड सीट सक्तीची आहे. त्यात मुलाला जाडजूड जॅकेट घालून बसवू नका. पट्टा ढिला राहतो. जॅकेट काढा, पट्टा आवळा, वरून पांघरूण घाला.

पाचवी पायरी: डिकीत काय हवं

बर्फ खरवडायचं ब्रश, एक छोटं फावडं, माणशी एक जाड ब्लँकेट, टॉर्च, फोन चार्ज करायला पॉवर बँक, माणशी चार लिटर पाणी आणि दोन दिवस पुरेल असं कोरडं खाणं. दशम्या, धपाटे, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू यांच्यासारखं प्रवासाचं खाणं नाही. ते गोठत नाही, सांडत नाही आणि गरम करावं लागत नाही. थर्मासमध्ये चहा भरून घ्या. या उंचीवर हवा फार कोरडी असते. ओठ फुटतात, नाकातून कधी रक्तही येतं, तेव्हा कोकम तेल किंवा व्हॅसलीन खिशात असू द्या आणि तहान नसतानाही पाणी पीत राहा. कपडे थरांचे घाला: आत थर्मल, मग लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने ओलं झालं की अंगाला थंडी भरते.

पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. हा नियम इथे प्रत्येक घरात पाळतात, कारण रस्ता बंद होऊन गाडीत अडकलात तर हीटर त्या पेट्रोलवर चालतो.

बर्फावर गाडी कशी चालवायची

पांढरा बर्फ दिसतो, त्याची भीती कमी. न दिसणारा असतो तो 'ब्लॅक आइस'. डांबर नुसतं ओलं वाटतं, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नसेल आणि बाहेरचं तापमान शून्याच्या आसपास असेल, तर ते पाणी नाही, बर्फ आहे. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार वारा लागतो. तशा पाट्या लावलेल्या दिसतील, त्या मनावर घ्या.

पाय हलका ठेवा. क्रूझ कंट्रोल बंद. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर चार सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर इथे आठ-दहा ठेवा. गाडी घसरलीच तर पेडलवरचे पाय काढा आणि जिकडे जायचंय तिकडे नजर व स्टीअरिंग ठेवा. ब्रेक लावावाच लागला तर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेल्या गाडीत तो दाबून धरा. पायाखाली कड-कड जाणवतं, ते बरोबर चाललंय.

फ्लॅगस्टाफच्या भागात बर्फावर काळी-तांबडी बारीक खडी पसरतात. ती तिथल्या ज्वालामुखीच्या टेकड्यांमधली राखखडी. पकड छान मिळते, पण ट्रकच्या चाकातून उडाली की समोरच्या काचेला टवका जातो. भाड्याची गाडी असेल तर ट्रकच्या मागे चिकटून राहू नका. बर्फ काढणाऱ्या गाडीला तर ओव्हरटेक करूच नका. तिच्या मागचा रस्ताच सगळ्यात चांगला.

अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. आधी मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत भरतो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, त्या वेळी खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करून जवळच्या मैलाच्या पाटीवरचा आकडा सांगा.

वाट कशी आखायची

गूगल मॅप्सला 'सांता मोनिका' सांगितलंत तर ते तुम्हाला जुन्या रस्त्यावरून परत परत आय-४० वर आणून टाकेल. म्हणून मधली गावं एकेक करून टाका, ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या आणि एक्झिटचे, म्हणजे आय-४० वरून उतरायच्या वाटांचे, आकडे लिहून ठेवा. तपकिरी रंगाच्या 'हिस्टॉरिक रूट ६६' पाट्या आणि काही ठिकाणी डांबरावरच रंगवलेली ६६ ची ढालीच्या आकाराची खूण दिसली की तुम्ही वाटेवर आहात.

अल्बुकर्कीत सेंट्रल अव्हेन्यू हाच रूट ६६. तिथलं १९२७ चं किमो थिएटर बघा. जमलं तर २४ डिसेंबरची संध्याकाळ ओल्ड टाउनमध्ये घालवा. कागदी पिशवीत वाळू, वाळूत मेणबत्ती, अशा 'ल्युमिनारिया' भिंतींवर आणि पायवाटांवर ओळीने मांडलेल्या असतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला पणत्यांच्या रांगा लागतात, तसाच तो मंद उजेड. २५ तारखेला मात्र जवळजवळ सगळं बंद असतं, तेव्हा खाण्यापिण्याची आणि पेट्रोलची सोय आदल्या दिवशीच करा.

न्यू मेक्सिकोत जेवताना 'रेड ऑर ग्रीन?' असं विचारतात. कुठली मिरची, असा तो प्रश्न. दोन्ही हवी असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. शाकाहारी असाल तर दोन गोष्टी आवर्जून विचारा: बीन्स चरबीत शिजवलेत का, आणि मिरचीच्या रश्शात मांस आहे का. बऱ्याचदा उत्तर हो असतं. आय-४० वर पंजाबी ट्रकचालकांसाठी उघडलेले ढाबेही अधूनमधून लागतात. गरम पराठा आणि डाळ मिळाली की आई-बाबांचा चेहरा खुलतो.

गॅलपला १९३७ चं एल रँचो हॉटेल आहे, 'वेस्टर्न' म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांची शूटिंगं इथे होत तेव्हा नटमंडळी तिथे उतरत. राहिला नाहीत तरी आतला दिवाणखाना बघा. या पट्ट्यात लगूना, नवाहो अशा आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी आहेत. तिथे माणसांचे, घरांचे, नाचांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

अ‍ॅरिझोनात शिरल्यावर ३११ क्रमांकाच्या एक्झिटला पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क. पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी इथे एक सोयीची युक्ती आहे: उत्तरेच्या दाराने आत शिरा, उद्यानातला २८ मैलांचा रस्ता पूर्ण करा आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडून यूएस १८० ने होलब्रुकला या. उलटं मागे यावं लागत नाही. रूट ६६ चा तुकडा पोटात असलेलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान. जिथून जुना रस्ता जात होता तिथे १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर गाडी उभी करून ठेवली आहे आणि तिच्या मागे तारेच्या खांबांची रांग क्षितिजापर्यंत गेलेली दिसते. दगड झालेल्या लाकडाचा लहानसा तुकडाही खिशात घालू नका, तो गुन्हा आहे. संध्याकाळी दारं बंद होतात, त्यामुळे दुपारी बाराच्या आत पोहोचा.

होलब्रुकला काँक्रीटच्या तंबूंचं विगवॅम मोटेल आहे, मुलांना फार आवडतं. विन्स्लोला मात्र ला पोसादा हॉटेलात एक रात्र राहाच, असं मी सांगेन. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी ते बांधलं, १९३० मध्ये उघडलं, १९५७ मध्ये बंद पडलं आणि चाळीस वर्षांनी पुन्हा जिवंत झालं. मागच्या अंगणातून थेट रेल्वेच्या फलाटावर जाता येतं. सुट्टीच्या दिवसांत खोली बऱ्याच आधी ठरवावी लागते. इथे, विल्यम्सला आणि किंगमनला मालगाड्या रात्रभर धावतात. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या.

विन्स्लो ते फ्लॅगस्टाफ साठ मैलांत दोन हजार फूट चढ आहे. वाटेत सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीचं उल्काविवर लागतं. फ्लॅगस्टाफच्या लोवेल वेधशाळेत १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला. ग्रँड कॅन्यनसाठी मुक्काम विल्यम्सला ठेवा. हेच रूट ६६ वरचं इंटरस्टेटने बाजूला टाकलेलं शेवटचं गाव, ऑक्टोबर १९८४ मध्ये. इथून दक्षिण कडा साठ मैलांवर आहे आणि वर्षभर उघडी असते. उत्तर कडा हिवाळ्यात बंद. डिसेंबर ते फेब्रुवारी दक्षिण कड्यालगतच्या हर्मिट रोडवर स्वतःची गाडी नेता येते, एरवी तिथे बसनेच जावं लागतं. कड्यावरच्या पायवाटांवर बर्फ दाबून गुळगुळीत झालेला असतो, तेव्हा बुटांखाली लावायचे काटे विकत घ्या. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसह अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा पडतात आणि त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, इथल्या रहिवाशांचा ८० चा. आई-बाबा सोबत असतील तर निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर नियम वाचून हिशेब करा.

आता सगळ्यात सुंदर तुकडा. विल्यम्सच्या पश्चिमेला १३९ क्रमांकाच्या एक्झिटला क्रुकटन रोडवर उतरा आणि किंगमनपर्यंत आय-४० विसरून जा. उरलेल्या जुन्या रस्त्याचा हा सर्वांत लांब अखंड पट्टा. ओटमनमार्गे कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत धरला तर दीडशे मैलांच्या वर. थंडीत तासाभरात चार गाड्या भेटल्या तरी खूप. सेलिगमन गाव १९७८ मध्ये इंटरस्टेटने एका दिवसात ओस पाडलं. तिथल्या एंजेल डेल्गादियो नावाच्या न्हाव्याने १९८७ मध्ये आसपासच्या गावांतली माणसं गोळा करून संघटना उभी केली आणि राज्य सरकारकडून या रस्त्याला 'ऐतिहासिक' हा दर्जा मिळवला. आज ज्या पाट्या बघत आपण जातो त्या या खटपटीतून आल्या. त्यांचं दुकान बघा, काहीतरी विकत घ्या. हिवाळ्यात या गावांची कमाई तुटपुंजी असते. काही खाणावळी थंडीत बंद ठेवतात, म्हणून टाकी सेलिगमनला भरा आणि डबा जवळ ठेवा. पुढे वालापाय राष्ट्राचं पीच स्प्रिंग्ज, मग हॅकबेरीचं जुनं दुकान. किंगमनला रूट ६६ चं संग्रहालय आहे.

किंगमनहून ४४ क्रमांकाच्या एक्झिटवरून ओटमनचा घाट सुरू होतो. सिटग्रीव्हज खिंड साडेतीन हजार फुटांची, म्हणजे उंची फार नाही. पण वळणं अशी की आंबेनळी घाटात गाडी चालवलेला माणूसही वेग कमी करेल, आणि बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. पाऊस किंवा बर्फ असेल तर हा घाट सोडा, आय-४० ने सरळ नीडल्सला जा. कोरडा असेल तर सकाळी जा. ओटमनमध्ये खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज रस्त्यावर मोकाट फिरतात. खिडकीत तोंड घालतात, चावतात, लाथही मारतात, मुलांना सांभाळा.

कॅलिफोर्नियात शिरताना आय-४० वर शेतमालाची तपासणी चौकी लागते. संत्री, लिंबं, कढीपत्त्याची डहाळी असं काही असेल तर विचारल्यावर खरं सांगा, काढून घेतील एवढंच. पुढच्या मोहावी वाळवंटात पंप मोजके आणि महाग, नीडल्सलाच टाकी भरा. इथल्या जुन्या रस्त्यावरचे लाकडी पूल पुरांनी खिळखिळे झाले आहेत आणि पट्टेच्या पट्टे बंद असतात. सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या संकेतस्थळावर कुठला तुकडा चालू आहे ते बघा. अंबॉय या जवळजवळ ओसाड गावाला जायचा सोपा मार्ग ७८ क्रमांकाच्या एक्झिटवरून केलबेकर रोडने खाली. तिथल्या रॉइज या जुन्या मोटेलची उंच पाटी १९५९ ची. जवळच्या अंबॉय विवरावर चढायचं तर हिवाळ्यातच. उन्हाळ्यात तिथे माणसं उष्माघाताने दगावली आहेत.

शेवटचा मुक्काम बार्स्टोला करा. कॅहोन खिंडीत वादळात बर्फ पडतो आणि वाराही गाडी ढकलण्याइतका सुटतो. तसा इशारा असेल तर राखून ठेवलेला मोकळा दिवस इथे वापरा. खिंड उतरलात की सॅन बर्नार्डिनोपासून सांता मोनिकापर्यंत पाऊणशे मैल सिग्नलच सिग्नल. तेवढं सगळं जुन्या रस्त्याने करायचा हट्ट धरू नका. पासाडेनात १९१३ चा कोलोराडो स्ट्रीट पूल बघा आणि मग फ्रीवेने समुद्र गाठा. धक्क्यावर रस्ता संपल्याची पाटी आहे, तिथे फोटोसाठी रांग असते. रविवारी दुपार टाळा. गाडी विमानतळावर परत देण्याआधी धुऊन घ्या आणि समोरच्या काचेसकट चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, म्हणजे टवक्यावरून पुढे वाद होत नाही.